मूलद्रव्यं कधी टिकतात, कधी फुटतात: रेडिओॲक्टिव्हिटीबद्दल नेहमी येणारे प्रश्न

अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवतो, त्यामुळे दरवर्षी तेच तेच प्रश्न येतात, आणि मधे कुठे एखादी बातमी आली की पालकांचेही सुरू होतात. दर वेळी व्हॉट्सॲपवर अंगठा दुखेपर्यंत टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतोय. ज्या अणूचा न्यूक्लियस, म्हणजे मधलं केंद्रक, आपोआप फुटतो किंवा बदलतो आणि किरण बाहेर टाकतो त्याला पुस्तकात किरणोत्सारी म्हणतात, बोलताना आपण सगळे रेडिओॲक्टिव्हच म्हणतो, म्हणून मीही तसंच लिहिलंय.

सर, रेडिओॲक्टिव्ह मूलद्रव्यांची यादी द्या ना, पाठ करायचीय.

देतो, पण आधी थोडं भांडतो. रेडिओॲक्टिव्ह असतो तो आयसोटोप, म्हणजे समस्थानिक, एकाच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू, अख्खं मूलद्रव्य नाही. आता पोटॅशियमचंच बघ. निसर्गातल्या पोटॅशियमचे जवळजवळ सगळे अणू ३९ किंवा ४१ वजनाचे, ते शांत बसलेत, आणि दहा हजारांत साधारण एक ४० वजनाचा सापडतो, तो रेडिओॲक्टिव्ह. मग पोटॅशियमला यादीत टाकायचं की नाही? म्हणून "कुठलं मूलद्रव्य" असं विचारण्याआधी "कुठला आयसोटोप" हे विचारायची सवय लावून घ्या, अर्धे गोंधळ तिथेच संपतात.

तरी यादी हवीच असेल तर ज्यांचा एकही आयसोटोप स्थिर नाही अशी ११८ पैकी ३८ आहेत. ४३ नंबरचं टेक्नेशियम, ६१ नंबरचं प्रोमेथियम, आणि ८३ नंबरच्या बिस्मथपासून शेवटपर्यंत सगळी. उरलेल्या ८० जणांचा किमान एक तरी स्थिर आयसोटोप आहे. झालं पाठ.

आयसोटोप वेगळा म्हणजे केमिस्ट्री पण वेगळी का?

नाही. केमिस्ट्री इलेक्ट्रॉन ठरवतात आणि ते प्रोटॉनच्या संख्येवर अवलंबून. कार्बन-१२ आणि कार्बन-१४ दोन्हींत ६ प्रोटॉन, फरक फक्त न्यूट्रॉनचा, ६ आणि ८. झाडाला हा फरक जवळपास कळतच नाही, ते दोन्ही खातं, म्हणून तर कार्बन डेटिंग, म्हणजे जुन्या लाकडा-हाडाचं वय कार्बन-१४ वरून काढणं, जमतं.

प्रोटॉन सगळे प्लस चार्जचे, मग न्यूक्लियस फुटत कसा नाही?

हा प्रश्न जो विचारतो त्याला मी वर्गात पुढे बसवतो. कारण खरं आश्चर्य फुटण्याचं नाहीच, न फुटण्याचं आहे.

दोन बलं आहेत. एक विद्युत बल, प्रोटॉन एकमेकांना ढकलतात ते. दुसरं केंद्रकीय बल, ते प्रोटॉन-न्यूट्रॉन सगळ्यांना एकमेकांना चिकटवतं, भयंकर जोरदार आहे, पण त्याची पोहोच फारच कमी, जेमतेम शेजाऱ्यापर्यंत. सकाळी आठची लोकल डोळ्यासमोर आणा. गर्दीत तुम्ही धरून उभे असता ते अंगाला लागून असलेल्या चार-पाच जणांच्या आधाराने, डब्याच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाचा तुम्हाला काही आधार नाही. पण तिकडे कोणी मोबाईलवर मोठ्यांदा गाणी लावली तर त्रास अख्ख्या डब्याला. केंद्रकीय बल म्हणजे शेजाऱ्याचा आधार आणि विद्युत बल म्हणजे ती गाणी. डबा छोटा असेल तर आधार पुरतो. डबा मोठा होत गेला, गाणी लावणारे वाढत गेले, की प्रत्येकाला आधार तेवढ्याच चार-पाच जणांचा आणि त्रास मात्र सगळ्यांचा.

इथे न्यूट्रॉन उपयोगी पडतो. तो आधार देतो आणि गाणी लावत नाही. म्हणून हलक्या मूलद्रव्यांत प्रोटॉन न्यूट्रॉन जवळजवळ समान चालतात, कॅल्शियम-४० मधे २० आणि २०, पण लेड-२०८ मधे ८२ प्रोटॉन सांभाळायला १२६ न्यूट्रॉन लागतात. आणि ८२ च्या पुढे कितीही न्यूट्रॉन भरले तरी कायमचं जमत नाही, मग न्यूक्लियस २ प्रोटॉन २ न्यूट्रॉनचं एक गाठोडं बाहेर फेकतो, तेच अल्फा.

मग न्यूट्रॉनच न्यूट्रॉन भरायचे ना सर?

नाही चालत, कारण न्यूट्रॉनही एकटा टिकाऊ नाही. मोकळा ठेवला तर साधारण १० मिनिटांत निम्मे न्यूट्रॉन प्रोटॉन होऊन जातात, इलेक्ट्रॉन बाहेर टाकून. न्यूक्लियसच्या आत त्याला रोखलेलं असतं कारण प्रोटॉनच्या खालच्या जागा भरलेल्या असतात. न्यूट्रॉन फार झाले की जास्तीचे वरच्या, महागड्या जागांवर बसतात, आणि मग त्यांना प्रोटॉन होऊन खाली उतरणं परवडतं. हा बीटा. प्रोटॉन जास्त झाले तर उलट घडतं. म्हणजे टिकायची एक अरुंद वाट आहे आणि दोन्ही बाजूंना उतार आहे.

सम-विषमचं काय असतं? पेपरात एक मार्काला येतं.

प्रोटॉन जोडीने राहतात, न्यूट्रॉनही. जोडी पूर्ण असली की न्यूक्लियस जास्त घट्ट. दोन्ही संख्या विषम असलेले नेहमीचे स्थिर आयसोटोप फक्त चार: हायड्रोजन-२, लिथियम-६, बोरॉन-१० आणि नायट्रोजन-१४. त्यातला शेवटचा म्हणजे आपण श्वासात घेतो ती तीन-चतुर्थांशाहून जास्त हवा, अपवादाने एवढी जागा अडवलेली मला तरी दुसरीकडे माहीत नाही.

आणि मग मॅजिक नंबर: २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६. एवढे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन असले की कवच पूर्ण होतं, निष्क्रिय वायूंच्या इलेक्ट्रॉनसारखंच. टिन ५० नंबरचं, त्याचे तब्बल १० स्थिर आयसोटोप आहेत, कुठल्याच मूलद्रव्याचे एवढे नाहीत. याचं गणित मारिया गेपर्ट मायर आणि हान्स येन्सन यांनी मांडलं, १९६३ चं नोबेल त्यासाठीच.

टेक्नेशियम एवढं मधेच आहे, मॉलिब्डेनम स्थिर, रुथेनियम स्थिर, मग हेच का नाही?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न.

नियम असा आहे की शेजारशेजारच्या दोन मूलद्रव्यांचे एकाच वजनाचे आयसोटोप दोघंही स्थिर राहू शकत नाहीत, ज्याची ऊर्जा जास्त तो बीटाने दुसऱ्याचं रूप घेतो. आता टेक्नेशियमची जागा बघा. त्याला परवडतील अशी वजनं साधारण ९४ ते १०२. पण ९४, ९५, ९६, ९७, ९८ वर मॉलिब्डेनम बसलंय आणि ९९, १००, १०१, १०२ वर रुथेनियम. दोघांनी आधीच रुमाल टाकून सगळ्या जागा धरल्यात, आणि दोघांचे प्रोटॉन सम म्हणजे जोडीवाले, टेक्नेशियमचे ४३ म्हणजे विषम. बिचाऱ्याला बसायला जागाच नाही. प्रोमेथियमचंही निओडिमियम आणि समॅरियमच्या मधे असंच झालंय.

मेंडेलीव्हने ही जागा रिकामी ठेवली होती आणि पुढची साठ-सत्तर वर्षं लोक ती खनिजांमधे शोधत राहिले, मधेमधे कोणीतरी सापडलं म्हणून जाहीरही करायचं. शेवटी १९३७ मधे इटलीत पालेर्मोला एमिलियो सेग्रे आणि कार्लो पेरिए यांना ते सापडलं ते खाणीत नाही तर मॉलिब्डेनमच्या एका पत्र्यात, जो अमेरिकेत बर्कलेच्या सायक्लोट्रॉनमधे (कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र) वापरून झाल्यावर सेग्रेंना पाठवला होता. नावच पडलं "कृत्रिम" या ग्रीक शब्दावरून. सगळ्यात टिकाऊ आयसोटोपचं हाफ लाइफ (निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ) साधारण ४२ लाख वर्षं, म्हणजे पृथ्वी बनताना जे होतं ते केव्हाच संपलं. आणि १९५२ मधे पॉल मेरिल यांना हेच मूलद्रव्य काही लाल ताऱ्यांच्या प्रकाशात दिसलं. ते तारे तर अब्जावधी वर्षांचे, मग त्यांच्यात ४२ लाखवालं टेक्नेशियम आलं कुठून? तिथेच, आत्ता, बनतंय म्हणून. तारे मूलद्रव्यं बनवतात याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही.

हाफ लाइफ म्हणजे अणूचं अर्धं वय का?

अणूला वय नसतं. म्हणजे असं की काल बनलेला युरेनियमचा अणू आणि चार अब्ज वर्षं जुना अणू, दोघांची पुढच्या सेकंदाला फुटायची शक्यता अगदी सारखी. म्हातारा झाला म्हणून लवकर फुटेल असं नाही. एकट्या अणूबद्दल काहीच सांगता येत नाही, पण ढिगातले निम्मे किती वेळात फुटतील ते पक्कं सांगता येतं, तो वेळ म्हणजे हाफ लाइफ. दोन हाफ लाइफ झाले की सगळं संपलं ही चूक दरवर्षी किमान दहा जण करतात, निम्म्याचं निम्मं उरतं रे.

हाफ लाइफ जास्त म्हणजे जास्त डेंजर ना?

बरोबर उलटं. एवढे अणू तेवढ्याच वेळात फुटायचे तर वेळ जितका कमी तितकी घाई जास्त. १ ग्रॅम रेडियममधे (हाफ लाइफ १,६०० वर्षं) सेकंदाला सुमारे ३,७०० कोटी अणू फुटतात. १ ग्रॅम युरेनियम-२३८ मधे (साडेचार अब्ज वर्षं) साधारण १२ हजार. तीस लाख पटींचा फरक! बातमीत "हा कचरा लाखो वर्षं रेडिओॲक्टिव्ह राहील" असं भीती घालायच्या सुरात सांगतात तेव्हा मला हे आठवतं. कचऱ्यातले पहिल्या काही दशकांत जोरात फुटणारे सीझियम-१३७ (३० वर्षं) आणि स्ट्रॉन्शियम-९० (२९ वर्षं) हे त्रासदायक, ना क्षणात संपणारे ना निवांत बसणारे. अर्थात काय बाहेर पडतं आणि ते शरीरात जाऊन कुठे बसतं हेही बघावं लागतं, स्ट्रॉन्शियम कॅल्शियमसारखं वागतं म्हणून हाडात जाऊन बसतं.

रेडियमचं हाफ लाइफ १,६०० वर्षं आणि पृथ्वी साडेचार अब्ज वर्षांची, मग रेडियम उरलंच कसं?

उरलेलं नाहीये, रोज नवीन बनतंय. टाकी खालून गळतेय पण वरून नळ चालू आहे, तो नळ म्हणजे युरेनियम. युरेनियम-२३८ फुटत फुटत थोरियम, रेडियम, रेडॉन, पोलोनियम अशा पायऱ्या उतरत शेवटी लेड-२०६ वर थांबतं. युरेनियम-२३५ चा शेवट लेड-२०७, थोरियम-२३२ चा लेड-२०८. क्यूरी पती-पत्नींना १८९८ मधे युरेनियमच्या खनिजातच पोलोनियम आणि रेडियम सापडले ते यामुळेच.

याच हिशोबाची एक मस्त गोष्ट. युरेनियम-२३५ हे २३८ पेक्षा लवकर संपतं (७० कोटी वर्षं), म्हणून आज त्याचं प्रमाण फक्त ०.७२ टक्के. पण मागे जाल तसं ते वाढत जातं, दोन अब्ज वर्षांपूर्वी ३ टक्क्यांच्या वर होतं, आणि तेवढ्यावर साध्या पाण्यात अणुभट्टी चालते. आफ्रिकेत गॅबॉनमधल्या ओक्लोला तशी ती जमिनीखाली आपोआप पेटली आणि लाखो वर्षं थांबत थांबत चालली. १९७२ मधे फ्रेंच लोकांना तिथल्या युरेनियममधे २३५ किंचित कमी भरलं, चोरी झाली की काय म्हणून शोधत गेले तर हे निघालं.

केळं रेडिओॲक्टिव्ह असतं ही अफवा आहे का?

खरं आहे. एका केळ्यात पोटॅशियम-४० मुळे सेकंदाला साधारण १५ अणू फुटतात. पण केळं सोलणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या अंगात त्याच पोटॅशियमचे ४ हजारांच्या वर फुटत असतात, वर कार्बन-१४ चे वेगळे. आणि शरीर पोटॅशियम मोजून ठेवतं, जास्तीचं लघवीवाटे काढून टाकतं, त्यामुळे डझनभर केळी खाल्ली म्हणून साठत जात नाही. जळगावकरांनी निवांत राहावं.

पण पोटॅशियम-४० ला केळ्यापुरतं ठेवू नका. त्याच्या १०० अणूंपैकी साधारण ८९ कॅल्शियम होतात आणि ११ आर्गॉन. हवेत जवळजवळ १ टक्का आर्गॉन आहे तो बहुतेक सगळा इथूनच आलाय. आणि आपला सह्याद्री! लाव्हा तापलेला असताना जुना आर्गॉन उडून जातो, दगड थिजला की पुढे बनणारा आत अडकतो, मग दगडात पोटॅशियम किती आणि आर्गॉन किती ते मोजलं की थिजल्याला किती काळ झाला ते कळतं. दख्खनचा काळा पत्थर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा आहे हे आपल्याला या घड्याळामुळे माहीत आहे. सिंहगडावर जाऊन पिठलं-भाकरी खाताना बुडाखाली हे घड्याळ चालू असतं.

किचनच्या ओट्याच्या ग्रॅनाइटमधून रेडिएशन येतं म्हणे?

येतं, थोडं. ग्रॅनाइटमधे युरेनियम-थोरियम आपल्या काळ्या बेसाल्टपेक्षा जास्त असतं. काळजी करण्याइतकं नाही. केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूत थोरियम एवढं आहे की तिथली नैसर्गिक पातळी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आहे, लोक पिढ्यान्पिढ्या राहतात, आणि त्याच भागातल्या करुनागप्पळीच्या मोठ्या पाहणीत त्यामुळे कॅन्सर वाढलेला दिसला नाही. ओटा राहू द्या.

तापवून, जाळून, ॲसिडमधे टाकून रेडिओॲक्टिव्हिटी घालवता येते का?

नाही. जाळलं तर धूर रेडिओॲक्टिव्ह होईल, एवढंच. आच इलेक्ट्रॉनपर्यंत पोचते, न्यूक्लियसला तिचा पत्ताच नसतो.

हुशार मुलांसाठी अपवाद: ऱ्हेनियम-१८७. नेहमीचं हाफ लाइफ ४,००० कोटी वर्षांच्या वर. १९९६ मधे जर्मनीत डार्मस्टाटला त्याचे सगळे ७५ इलेक्ट्रॉन काढून टाकले तर ते आलं ३३ वर्षांवर. कारण बीटातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनला बसायला आता जवळच रिकामी जागा मिळाली. पण हे घरच्या गॅसवर होण्यातलं नाही.

रेडिएशन दिलेला हापूस खाल्ला तर?

खा. पैसे जास्त पडतील एवढाच त्रास. लासलगावला केंद्र आहे, मुळात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून उभारलेलं, २००७ मधे अमेरिकेत गेलेल्या आंब्यांना तिथेच कोबाल्ट-६० चे गॅमा किरण दिले, कोयीतला भुंगा आणि फळमाशी मारायला. गॅमा किरण म्हणजे एक प्रकारचा प्रकाशच. टॉर्च मारल्यावर आंबा उजळतो, टॉर्च बंद केल्यावर आंबा स्वतः चमकत बसत नाही. या ऊर्जेच्या गॅमाने न्यूक्लियस बदलत नाही. न्यूट्रॉनने बदलतो, तो आत जाऊन बसतो, म्हणून साध्या कोबाल्ट-५९ चं कोबाल्ट-६० रिॲक्टरमधे न्यूट्रॉन मारून बनवतात.

धोका असतो तो रेडिओॲक्टिव्ह पदार्थ स्वतः अंगाला लागला, पोटात गेला तर. किरण पडणं आणि धूळ लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१० मधे दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एक जुनं उपकरण येऊन पडलं, लोकांनी ते फोडलं, आत कोबाल्ट-६० निघालं, एक जण दगावला. तीन पाती असलेलं चिन्ह दिसलं किंवा आकाराच्या मानाने भलताच जड शिशाचा डबा भंगारात दिसला तर हात न लावता लांब व्हायचं आणि पोलिसांना कळवायचं. हे मात्र खरंच पाठ करा.

आईचा बोन स्कॅन झालाय, तिच्याजवळ बसायचं नाही का?

आमच्या मावशीचा झाला तेव्हा घरात तिचं ताट वेगळं काढलं होतं, पांघरूण वेगळं, चार दिवस नातवंडांना तिच्या खोलीत पाठवलं नाही, आणि ती बिचारी आपण काय पाप केलं म्हणून रडत बसली. बोन स्कॅनला टेक्नेशियम-९९एम देतात (हो, तेच जागा न मिळालेलं), त्याचं हाफ लाइफ ६ तास. २४ तासांत चार वेळा निम्मं होऊन सोळावा हिस्सा उरतो, त्यातलंही बरंच लघवीवाटे जातं. भरपूर पाणी प्यायला द्या, पहिले काही तास तान्हं बाळ आणि गरोदर बाई यांना फार वेळ जवळ ठेवू नका, दवाखान्यात सांगतील तेवढं पाळा, बस. ताट-वाटी वेगळी कशाला? थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ दिलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी, त्याचं हाफ लाइफ ८ दिवस आणि डोसही मोठा, तिथे डॉक्टर जितके दिवस वेगळं राहायला सांगतील तितके राहायलाच हवं.

६ तासांत निम्मं होणारं औषध साठवतात कसं, हा पुढचा प्रश्न येतोच. साठवत नाहीत. मॉलिब्डेनम-९९ (६६ तास) चा छोटा डबा आणतात, त्यात टेक्नेशियम सतत तयार होत असतं, रोज सकाळी सलाइन घालून ते धुऊन काढतात. त्याला म्हणतातही गाईचं दूध काढणं.

मोबाईल टॉवरचं रेडिएशन?

त्याचा न्यूक्लियसशी काही संबंध नाही. पुढचा प्रश्न.

बिस्मथ पुस्तकात स्थिर लिहिलंय आणि तुम्ही यादीत टाकलंय, खरं काय?

पुस्तक जुनं आहे. बिस्मथ-२०९ फुटायला हवं असं गणित सांगत होतं पण कोणी फुटताना पाहिलं नव्हतं. २००३ मधे पॅरिसजवळ ऑर्सेला अतिथंड ठेवलेल्या डिटेक्टरमधे ते पकडलं. हाफ लाइफ साधारण २ च्या पुढे १९ शून्यं एवढी वर्षं, म्हणजे विश्वाच्या आजवरच्या वयाच्या शंभर कोटी पटीहून जास्त. पोटाच्या औषधात बिस्मथ असतं, ते बिनधास्त घ्या. परीक्षेत मात्र प्रश्न कसा विचारलाय ते बघून लिहा, मार्क पुस्तकावर मिळतात.

मग लेड, सोनं, लोखंड तरी खरंच स्थिर आहेत का?

"स्थिर" चा खरा अर्थ "अजून कोणी फुटताना पाहिलेलं नाही" एवढाच आहे. गणिताने बघितलं तर लेडचे आयसोटोपही अल्फा टाकू शकतात, सोनंही, फक्त लागणारा काळ इतका अफाट की मोजायची सोय नाही. मोजलेल्यातला सगळ्यात लांबचा टेल्युरियम-१२८, २ च्या पुढे २४ शून्यं. लोखंड आणि निकेलच्या आसपास मात्र न्यूक्लियस सगळ्यात घट्ट बांधलेला असतो, त्यांना अल्फा टाकून काहीच मिळवायचं नाही. आजीच्या पाटल्या लॉकरमधेच राहू द्या, त्यांना चोरांपासून धोका जास्त.

११८ च्या पुढे काय?

११८ वं ओगानेसॉन, रशियात दुबनाच्या युरी ओगानेसियान यांच्या नावाचं. आजवर त्याचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके अणू बनले आणि सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात फुटले. पण ११४ नंबरच्या फ्लेरोव्हियमचा एक आयसोटोप दोनेक सेकंद टिकतो, आणि त्या भागात हे खूप झालं. कवचाच्या गणिताप्रमाणे १८४ न्यूट्रॉनजवळ पुन्हा एक मॅजिक नंबर असावा, त्याच्या आसपासच्या भागाला स्थिरतेचं बेट म्हणतात. अडचण अशी की ज्या दोन न्यूक्लियसची टक्कर घडवून हे बनवतात त्यांच्याकडे मिळून तेवढे न्यूट्रॉनच नसतात. कॅल्शियम-४८ मधे २८, प्लुटोनियम-२४४ मधे १५०, बेरीज करून बघा, आणि टकरीत दोन-चार उडून जातात ते वेगळेच.